मार्ताचा मुळा

डोळे मिटा जरा. आता घरामागचं एक परसू समोर आणा. फार मोठं नको, दोन खाटा मावतील एवढंच. एका कडेला धुण्याचा दगड, दुसऱ्या कडेला नारळ, आणि मधल्या ओल्या मातीत गुडघे टेकून बसलेली नऊ वर्षांची एक मुलगी. खुरपं जवळच आहे, पण ती बोटांनीच माती उकरते आहे. खाली जे आहे त्याला एक ओरखडाही पडायला नको, म्हणून. दिसली? तिचं नाव अन्विता.

बोटांना मुळाची मान लागली तशी अन्विता थांबली. पानं तिच्या हाताएवढी लांब होती, पालकासारखी पण कडेला दुमडलेली, अळ्यांनी जागोजागी चाळणी केलेली. तिनं ती एका मुठीत धरली आणि दुसऱ्या हातानं मुळाच्या बाजूची माती थोडी थोडी सैल करत गेली. मग हळूच ओढलं. मूळ आलं. तिच्या अंगठ्याहून थोडं जाड, वीतभर लांब, वरून खरबरीत, मातकट रंगाचं. त्याला दोन बारीक मुळ्या लोंबत होत्या.

"अप्पा, आलं."

अर्जुनराव मागच्या पायरीवर बसले होते. हातातल्या कॉफीवर साय धरली होती. त्यांनी पेला खाली ठेवला, मूळ घेतलं आणि जुन्या सवयीनं नाकाशी नेलं. मग परत दिलं.

"काही नाही."

अन्वितानंही हुंगून पाहिलं. "मलापण मातीचाच येतोय. मार्ता म्हणालेली, कापल्याशिवाय ह्याला वास नसतो."

"बरं."

अर्जुनरावांचं हल्ली बरेचदा असंच असे. बरं म्हणायचं आणि समोर बघत बसायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला होता. ताप आठ दिवसांत उतरला, पण नवव्या दिवशी सकाळी अंघोळ करताना साबण नुसताच गुळगुळीत लागला. त्याला वास नव्हता. कॉफीला नव्हता, ओल्या टॉवेलला नव्हता, देवापुढच्या फुलांनाही नव्हता. येईल परत, असं डॉक्टर म्हणाले. काहींचा येतो. अर्जुनरावांचा आला नाही.

दुसऱ्या कुणाचं असतं तर त्यानं चार लोकांना सांगितलं असतं आणि विसरला असता. पण अर्जुनराव बावीस वर्षं अगरबत्तीच्या कारखान्यात गंध जुळवायचं काम करत होते. चंदनात केवडा किती, उदात गुलाब किती, हे तेच ठरवत. कारखान्यातले लोक त्यांना मेष्ट्रु, म्हणजे मास्तर, म्हणत. वास गेल्याचं त्यांनी कारखान्यात कुणालाच सांगितलं नव्हतं. जुनी मापं वहीत लिहिलेली होती, त्यांवर रोजचं काम निघे. नवीन काही आलं की ते नमुन्याच्या काड्या कागदात गुंडाळून घरी आणत आणि संध्याकाळी अन्वितासमोर एकेक पेटवत.

"कुठली जास्त गोड?"

"दुसरी. पण तिच्यात मागून साबणासारखा येतो."

"साबणासारखा म्हणजे धुण्याच्या की अंघोळीच्या?"

"अंघोळीच्या."

ते लिहून घेत. सहा महिन्यांत तिला केवडा आणि मोगरा वेगळे ओळखता येऊ लागले, वर्षभरात जास्त झालेला गुलाबही. अप्पा आपल्याला त्यांचं काम शिकवतात, असं सुरुवातीला तिला वाटे. मग एकदा चुलीवर दूध करपून सगळं घर धुरानं भरलं, आणि अप्पा त्याच खोलीत पेपर वाचत बसलेले तिला दिसले. त्या दिवसापासून ती उत्तरं जास्त विचार करून देऊ लागली.

मुळाची गोष्ट त्यानंतरची. तिची अम्मा, सुष्मा, शहरातल्या गोकुलम भागात योग शिकायला येणाऱ्या परदेशी मुलामुलींना जेवणाचे डबे पोचवत असे. त्यांतली एक पोलंडची मार्ता. तिनं घरून येताना पेन्सिलीएवढे मुळाचे तुकडे ओल्या कापडात गुंडाळून आणले होते, कुंडीत लावायला. इंग्रजीत त्याला हॉर्सरॅडिश म्हणतात. आमच्या आजीकडे हे किसलं की सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं, बंद पडलेलं नाक उघडतं, असं मार्ता हसत हसत म्हणाली. अन्विता हसली नाही. तिनं एक तुकडा मागून घेतला.

मार्ता गेल्या दसऱ्यानंतर तिच्या देशाला परत गेली. जाताना तिनं एका कागदावर सगळं लिहून दिलं. तुकडा आडवा नको, उभाही नको, तिरका लाव. दुपारचं ऊन टाळ. पावसाळ्याच्या सुरुवातीला वरची माती बाजूला करून बाजूच्या बारीक मुळ्या बोटानं चोळून काढ, म्हणजे मधलं मूळ जाड होईल. अन्वितानं सगळं तसंच केलं. एप्रिलच्या उन्हात पानं जमिनीला टेकली, तेव्हा तिनं चार काठ्या रोवून वर ओलं पोतं बांधलं. अळ्या सकाळी शाळेला जायच्या आधी वेचून काढल्या. ते राहत त्या बोगादीच्या गल्लीत मार्ताच्या मुळ्याला बघायला शेजारची सुमित्राबाईसुद्धा येऊन गेली.

"एवढं पोसतेस, त्यापेक्षा कोथिंबीर लावली असतीस तर हुळीला, आमटीला तरी झाली असती," ती म्हणाली.

आणि शुक्रवारी कारखान्यातून निरोप आला. दसऱ्याच्या नव्या अगरबत्तीसाठी चार नमुने तयार होते. सोमवारी दहा वाजता यजमान, म्हणजे मालक, स्वतः बसणार, बंगळूरचे व्यापारी येणार, आणि सगळ्यांसमोर मेष्ट्रुंनी एक निवडायचा. नमुने घरी न्यायचे नाहीत.

त्या रात्री जेवताना अर्जुनराव सुष्माला म्हणाले, "यजमानांना मीच फोन करतो. मला पॅकिंगमध्ये द्या म्हणून सांगतो. तिथं नाक लागत नाही."

"आणि कारण काय सांगायचं?"

"वय झालं म्हणायचं."

"सत्तेचाळीस?"

त्यांनी भातावर परत मीठ घेतलं. आधी घेतलं होतं.

"सगळ्यांसमोर पकडलो गेलो तर पॅकिंगपण नाही राहणार, सुष्मा. दोन वर्षं फसवलं म्हणून हाकलतील."

अन्वितानं घास खाली ठेवला. "ऐतवारपर्यंत थांबा, अप्पा. मी मुळा काढते. जाड झालाय आता."

अर्जुनरावांनी तिच्याकडे पाहिलं. "आयतु, बरं," ते म्हणाले. "ऐतवारी संध्याकाळी फोन करतो."

तो ऐतवार हा.

अन्वितानं मूळ नळाखाली धुतलं, लोंबणाऱ्या दोन्ही मुळ्या तोडून पुढच्या लावणीसाठी ओल्या फडक्यात बांधल्या, आणि मूळ स्वयंपाकघरात ताटलीत ठेवून ती नाचाच्या वर्गाला गेली. परत आली तेव्हा दीड वाजला होता. जेवणाची पानं वाढलेली होती. ताटली रिकामी होती.

"अम्मा, मुळा कुठाय?"

सुष्मा वाढता वाढता हसली. आज तिनं केसांत फूलही माळलं होतं. "बस तू. अप्पांना आधी जेवू दे."

हुळीत गोल चकत्या होत्या. चिंच, तूरडाळ, वर कढीपत्त्याची फोडणी.

"घातलास?"

"मग काय नुसता चावायला देऊ? कापताना काय सांगू तुला, डोळ्यांतून पाणी थांबेना. चांगला जोर आहे. म्हटलं, औषध आहे तर जेवणातून पोटात जाऊ दे. तीन शिट्ट्या केल्या, मऊ झालाय."

अन्विता उभीच राहिली. मार्ताच्या कागदावरची शेवटची ओळ तिला पाठ होती. शिजवू नकोस, शिजवलं की सगळं जातं. कागद इंग्रजीत होता, आणि तो तिच्या कंपासपेटीत होता. अम्माला तो दाखवावा असं तिला वर्षभरात कधी सुचलं नव्हतं.

अर्जुनरावांनी एक चकती खाल्ली. मग दुसरी. सुष्मा पळी हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"कसं आहे?"

"बटाट्यासारखं."

"वास?"

त्यांनी मान हलवली. मग ताटातल्या उरलेल्या चकत्याही एकेक करून संपवल्या, कारण त्या पोरीनं वर्षभर पोसल्या होत्या आणि बायकोनं शिजवल्या होत्या.

"मी काय चुकले?" सुष्मानं अन्विताला विचारलं. आवाज अगदी लहान होता.

"काही नाही," अन्विता म्हणाली. तीही जेवायला बसली. चकतीला खरोखरच कसलीच चव नव्हती.

दुपारी अम्मा आडवी झाली. अन्वितानं ओलं फडकं सोडलं. दोन मुळ्या, करंगळीहून बारीक. ह्या लावल्या तर पुढच्या वर्षी दोन झाडं. पण फोन आज संध्याकाळी होता. तिनं किसणी आणि वाटी घेतली आणि परसात दगडावर बसली.

पहिल्या दोनतीन ओढींत काही कळलं नाही. मग एकदम आलं. मोहरी, मिरची, कांदा, यांतलं काहीच नव्हे आणि सगळं एकत्र. तिनं तोंड फिरवलं, श्वास घेतला, परत किसायला लागली. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळत होतं. दुसऱ्या मुळीचं टोक उरलं तेव्हा तिच्या बोटाच्या पेराचं सालपट निघालं. ते बोट तिनं तोंडात घातलं आणि ती जास्तच पस्तावली. वाटीत चमचाभर पांढरा कीस जमला होता.

"अप्पा. चला. लगेच. वेळ गेला की जोर जातो."

अर्जुनराव पायरीवर येऊन बसले. त्यांनी चिमूटभर कीस जिभेवर ठेवला, तोंड मिटलं आणि नाकानं श्वास ओढला, जसा कारखान्यात ओढायचे तसा.

क्षणभर काहीच नाही. मग टाळूपासून डोळ्यांच्या मागपर्यंत एक पांढरी रेघ ओढल्यासारखं झालं. त्यांनी पायरीची कड घट्ट धरली. डोळे भरून आले, नाक वाहू लागलं, कान तापले. दोन वर्षं ज्या वाटेनं काहीच आत गेलं नव्हतं, तिथून काहीतरी धडधडत गेल्यासारखं वाटलं.

इथं एक सांगायला हवं. आपल्या नाकात दोन वाटा असतात. एका वाटेनं वास जातो, दुसरीनं झोंबणं. कांदा डोळ्यांना लागतो तो दुसऱ्या वाटेनं. पहिली वाट बंद झाली तरी दुसरी चालू राहू शकते. अन्विताला हे माहीत नव्हतं. अर्जुनरावांना माहीत होतं. बावीस वर्षं नाकावर जगलेल्या माणसाला झोंबणं कुठलं आणि वास कुठला, हे कळायला डॉक्टर लागत नाही.

"आला?" अन्वितानं विचारलं.

त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. ती समोर उभी होती. नाक लाल, गाल ओले, सोललेलं बोट दुसऱ्या हातानं दाबून धरलेलं.

"आला," ते म्हणाले.

"कसला?"

"मोहरीसारखा. जरा हिरवट."

अन्विता खाली बसली. तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला.

"आता उद्यापासून काड्या हुंगायचं बंद हं," थोड्या वेळानं ते म्हणाले. "संध्याकाळचं खेळायला जात जा. बाकीच्या मुली जातात तशी."

"आणि उद्या?"

"उद्याचं माझं मी बघतो."

"फोन नाही ना करायचा मग?"

त्यांनी वाटी उचलून पायरीच्या कडेला सरकवली.

"एकदा तरी करून बघू, अप्पा. शेवटचं. मी पेटवते, तुम्ही सांगा."

नाही म्हणायला त्यांना कारण सापडलं नाही. ते आत गेले आणि खिडकीकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून बसले. कारखान्यातही असंच बसतात. काडीचा रंग दिसला की नाक आळशी होतं.

फळीवर काड्यांच्या जुड्या होत्या. लाल दोऱ्याची गुलाबाची, पिवळ्या दोऱ्याची चंदनाची, आणखी दोनतीन. एक पांढऱ्या दोऱ्याची, तिला कसलाच गंध लावलेला नव्हता. नुसता कोळसा आणि बांबू. नवं मिश्रण बुडवून बघायला अर्जुनराव अशा कोऱ्या काड्या घरी ठेवत. बाहेर ऊन उतरलं होतं आणि फळीच्या कोपऱ्यात अंधारलं होतं. अन्वितानं घाईत एक ओढली, पेटवली, ज्योत फुंकली आणि वाळूच्या वाटीत रोवली.

धूर वर गेला. तिचं स्वतःचं नाक किसण्यानं हुळहुळत होतं, त्यामुळे तिलाही लगेच काही कळलं नाही. मग कळलं. जळलेलं लाकूड, बस. तिनं फळीकडे पाहिलं. पांढरा दोरा सैल झाला होता.

ती सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात अर्जुनरावांनी लांब श्वास घेतला.

"गुलाब," ते म्हणाले. "ओला आहे. पाकळी जास्त, देठ कमी."

अन्विता काडीकडे बघत राहिली. तिची राख वाकली आणि वाळूत पडली.

मग तिनं ती काडी वाळूत दाबून विझवली आणि मुठीत घेतली. लाल दोऱ्याच्या जुडीतली एक ओढून पेटवली आणि त्याच भोकात रोवली. आवाज होऊ न देता.

"बरोबर?" खिडकीकडे तोंड करूनच त्यांनी विचारलं.

"बरोबर."

आतल्या खोलीतून सुष्मा आली. झोपेनं डोळे जड होते. दारात थबकली.

"गुलाब लावलास काय गं? आतपर्यंत आला."

अर्जुनराव वळले. त्यांनी वाटीतल्या काडीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"काय म्हणालीस?"

"गुलाब म्हटलं. का, नाही?"

ते उठून काडीजवळ आले. वाकले. डोळे मिटून धूर ओढला, एकदा, परत एकदा. तिसऱ्यांदा ओढताना त्यांच्या भुवया जवळ आल्या, जशा हिशेब जुळत नसलेल्या माणसाच्या येतात.

"मी आधी सांगितलं," ते हळू म्हणाले. "तू यायच्या आधी. बघितलंपण नव्हतं मी. विचार पोरीला."

"काय सांगितलं?"

"गुलाब."

सुष्मा दारातच खाली बसली. पदर तोंडाशी नेला. "तो मुळा... पण तो तर मी शिजवला."

"थोडा राहिला होता. किसून दिला हिनं." ते खोलीत इकडून तिकडे चालायला लागले. "मला वाटलं मी आपलं असंच म्हणालो. तोंडात आलं ते. पण असंच कसं येईल? बावीस वर्षं आहेत ना नाकात. कळत नसलं तरी आत कळत असेल, अल्ला? हो ना?"

"असेल की," सुष्मा म्हणाली. "का नसेल?"

अन्विता भिंतीला टेकून उभी होती. मूठ पाठीमागे होती. अप्पा इतकं बोलताना तिनं दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

त्यांनी खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून मोबाईल काढला.

"पॅकिंगचं नाही ना बोलणार?" सुष्मानं विचारलं.

"छे. उद्या मी एकटाच निवडतो म्हणून सांगतो. दुसऱ्या कुणाला शेजारी बसवू नका म्हणून. एकदा यजमानांना शब्द दिला की झालं." त्यांनी अंगठ्यानं नंबर लावला. त्यांनी फोन कानाला लावला आणि मुलीकडे बघून हसले. पुढचा एक दात थोडा तिरका होता त्यांचा, हे ती विसरूनच गेली होती.

पलीकडे फोन वाजत होता. एकदा वाजला. दुसऱ्यांदा वाजला.

अन्विता भिंतीपासून निघाली, त्यांच्यापाशी गेली. त्यांचा मोकळा हात तिनं आपल्याकडे ओढला, बोटं एकेक करून उघडली, आणि टोक जळालेली ती कोरी काडी त्यांच्या तळहातावर ठेवली.